शटरचा टीव्ही आणि पुण्याची पार्टी

‘शटरचा हाय का?’ असा फोन आला की उजनीकाठच्या गावात आधी कळत नाही, विचारणारा दुकानाबद्दल बोलतोय की कशाबद्दल. टीव्हीबद्दल बोलतोय हे कळलं की मात्र घरातली सगळी माणसं एकदम माळ्याकडे बघायला लागतात. माळ्यावर ठिबकच्या जुन्या नळ्यांच्या भेंडोळ्यामागे एक कृष्णधवल टीव्ही वर्षानुवर्षं पडून असतो. लाकडी खोकं, पुढे दोन्ही बाजूंना सरकणारं शटर, शटरला कुलूप. कुलपाची किल्ली थोरल्या सुनेच्या लग्नात हरवलेली. आजवर त्याला कुणी किंमत दिलेली नसते, भंगारवाल्याने तर नाहीच. आणि आता फोनवरचा माणूस एक कोटी म्हणतो.

‘किती देणार म्हणं?’

‘एक कोट.’

‘आरं, टीव्हीला?’

‘टीव्हीला न्हाई आजोबा. टीव्हीतल्या औषधाला.’

टीव्हीत औषध असतं हे आजोबांना नवीन असतं. त्यांच्या माहितीप्रमाणे टीव्हीला औषध एकच होतं, वरून एक थापड.

हे औषध म्हणजे ‘रेड मर्क्युरी’, लाल पारा. जुन्या टीव्हीत, जुन्या रेडिओत, झालंच तर आजीच्या शिलाई मशीनमध्येही तो असतो, एका ग्रॅमला लाखो रुपये मिळतात, अशा चित्रफिती गेली काही वर्षं मोबाइलवर फिरताहेत. त्यांत एक हात दिसतो, हातात काचेची नळी दिसते, नळीत लाल थेंब डुलतो आणि मागे कसलं तरी गूढ संगीत वाजतं. चेहरा कधीच दिसत नाही. खरेदीदाराला या धंद्यात ‘पार्टी’ म्हणतात, आणि पार्टीचा नियम असा की ती आपल्या तालुक्यातली कधीच नसते. करमाळ्यात पार्टी पुण्याची असते. पुण्यात ती मुंबईची होते, मुंबईत दुबईची. दुबईतल्या माणसाला पार्टी जेऊरची आहे म्हणून सांगत असतील, तर नवल नाही.

पाऱ्याची परीक्षाही ठरलेली. लसणाची पाकळी जवळ नेली की तो लांब पळतो, सोनं जवळ नेलं की धावत येतो आणि आरशासमोर धरला तर त्याचं प्रतिबिंबच पडत नाही. यातला लसूण उजनीकाठच्या प्रत्येक घरात असतो, आरसाही असतो. सोनं मात्र उसाचं बिल येईपर्यंत बँकेत तारण असतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी परीक्षा दोन गुणांच्या पुढे जात नाही.

या लाल पाऱ्याची अफवा काही इथल्या मातीतली नाही. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास अणुबॉम्बच्या चोरट्या बाजारात ती उगवली, आणि गिऱ्हाइकं पैसे घालवून बसली. असा कुठला पदार्थ आहे, हे शास्त्रज्ञांना आजवर कुठेच आढळलेलं नाही. मग ती अरबस्तानात उतरली. 2009 साली सौदी अरेबियात हूल उठली की जुन्या सिंगर शिलाई मशीनच्या सुयांमध्ये लाल पारा असतो. लोकांनी एकेका मशीनला दोन-दोन लाख रियालपर्यंत भाव सांगितले. सुईजवळ मोबाइल धरायचा, फोन कट झाला तर पारा आहे असं समजायचं, ही तिथली परीक्षा. ती परीक्षा आपल्याकडे लावली असती तर धरणाकाठच्या निम्म्या गावांत, जिथे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथे नुसत्या भिंतीतही पारा सापडला असता.

खरा पारा चंदेरी असतो. त्याचं लाल संयुग म्हणजे हिंगूळ, गंधक आणि पाऱ्याचं. टीव्हीला या दोन्हींची गरज नसते. कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये जी नळी बनवली, तिचंच मोठं झालेलं रूप म्हणजे पिक्चर ट्यूब. मागच्या बारीक मानेतून इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याच्या गुंडाळ्यांमुळे वळतात आणि पडद्याच्या आतल्या बाजूला दिलेल्या रसायनाच्या थरावर आदळून उजेड पाडतात. ट्यूब आतून निर्वात लागते. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी आत बेरियमचा मुलामा उडवलेला असतो. मानेजवळ आरशासारखा चकाकणारा डाग दिसतो तो तोच. खालच्या पट्टीवर जुळवलेल्या कॉइली हलू नयेत म्हणून कारखान्यात मेण किंवा लाखेसारखा थेंब सोडायचे, पुष्कळदा लाल. कोटी रुपयांच्या आशेने टीव्ही उघडलेल्या माणसाला जे काही लाल सापडतं ते हे. एवढंच, आणि झुरळाची अंडी.

पण अंडी सापडेपर्यंत ‘टेस्टिंग’चे पैसे गेलेले असतात. पार्टी कोटी देणार असते, पण त्याआधी तिचा केमिस्ट येणार, त्याची फी, त्याच्या गाडीचं भाडं, त्याच्या सूटचा जीएसटी. या धंद्याच्या थोरल्या भावाला ‘राइस पुलर’ म्हणतात: तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं, वीज पडून दैवी झालेलं, थेट नासा विकत घेणार. 2018 साली दिल्ली पोलिसांनी एका बाप-लेकाला पकडलं, तेव्हा एका व्यापाऱ्याने या भांड्याच्या नावाखाली 1 कोटी 43 लाख रुपये घालवले होते. किरणोत्सर्गापासून वाचायचे म्हणून शिवलेले चंदेरी पोशाख घालून हे पिता-पुत्र चाचणी करत. तिसरा भाऊ मांडूळ. बिचाऱ्याला दोन तोंडं असतात या समजुतीपायी तो पोत्यात भरला जातो, आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे पोत्यासकट पोतंवालाही आत जातो. टीव्हीचं त्या मानाने बरं. त्यात तुरुंग नाही, नुसती नाचक्की. ज्यांचे पैसे ऑनलाइन गेले असतील त्यांनी 1930 हा सायबर फसवणुकीचा क्रमांक लावावा, आणि लवकर लावावा. भाऊबंदांना कळायच्या भीतीने बहुतेक जण लावत नाहीत.

तर मग माळ्यावरच्या टीव्हीची किंमत शून्य का? नाही. आणि हे समजायला उजनीकाठच्या माणसाइतका लायक माणूस दुसरा नाही. उजनी धरणात म्हणजे यशवंतसागरात एकूण 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63 टीएमसीहून अधिक सरकारी भाषेत ‘मृत’ आहे. धरण ‘शून्य टक्के’ झालं असं वर्तमानपत्रात छापून येतं तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि त्या मृत पाण्यावर ऊस उभा असतो, केळी उभी असते, सोलापूर शहर पाणी पितं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेलं. पावसाळ्यात तेच अधिक 110 टक्के होतं. ज्या मुलखात पाणी उणे पन्नास आणि अधिक एकशे दहा यांच्या दरम्यान हिंडतं, तिथल्या लोकांना बंद पडलेल्या वस्तूची किंमत शिकवायला पार्टी कशाला हवी?

इथे टीव्ही आला तोच उशिरा आणि नवीन घरांत. धरण 1980 मध्ये पुरं झालं. जुनी केतूर, जुनी वांगी, पोमलवाडीसारखी गावं पाण्यात गेली, रेल्वेचा जुना मार्गही गेला, आणि माणसं वरच्या माळावर आखलेल्या नव्या गावठाणांत येऊन बसली. तोवर देशात टीव्ही येऊन एकवीस वर्षं झाली होती. दिल्लीत पहिलं प्रक्षेपण झालं 15 सप्टेंबर 1959 ला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला आणि मग सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात. सिंहगडावरून टेंभुर्णीपर्यंत येता येता चित्राचा जीव जायचा. चार बांबू एकावर एक बांधून अँटेना आभाळात नेली तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या, आणि मुंग्यांत अधूनमधून एखादी निवेदिका.

सोलापूर जिल्ह्याच्या जिवाला लागलेली खरी गोष्ट याहून आधीची आहे. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून भारतातल्या 6 राज्यांत सुमारे 2400 गावांना शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ म्हणून तो प्रयोग जगभर गाजला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची दहा फुटांची छत्री गावात उभी करायची आणि थेट उपग्रह पकडायचा. कर्नाटकातले त्यासाठी निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. पहिले दोन सोलापूरच्या हद्दीला लागून. म्हणजे हद्दीपलीकडच्या गावातली सोयरी मंडळी कोंबडीच्या जाळीतून अंतराळाशी बोलत होती आणि इकडची मंडळी जाळीत कोंबड्याच ठेवत होती. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. याबद्दल आजवर एकही मोर्चा निघालेला नाही, हे आपल्या सहनशीलतेचं लक्षण म्हणायचं.

15 ऑगस्ट 1982 ला रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, त्याच वर्षी दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या आणि 1984 मध्ये देशभर छोट्या प्रक्षेपकांचा धडाका लागला. उजनीकाठी टीव्हीला खरा जोर आला तो यानंतर. याच काळात धरणामागच्या फुगवट्याचं पाणी शेतात आलं, ऊस आला, आणि उसामागून कारखान्याचं बिल. बिलातून मोटार, मोटारीनंतर मोटारसायकल, तिच्यानंतर टीव्ही, हा क्रम बहुतेक घरांत सारखाच. त्यात एक अडचण होती. संध्याकाळी काठावरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावचं व्होल्टेज झोपायचं, आणि व्होल्टेज झोपलं की पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. हमलोगमधलं भरलेलं कुटुंब बघता बघता वीतभर व्हायचं. मग स्टॅबिलायझर आला. तो टीव्हीपेक्षा जड असायचा आणि बंद होताना ‘टक्’ असा इतक्या ठसक्यात वाजायचा की पाहुणे उठून उभे राहायचे.

25 जानेवारी 1987 च्या रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं आणि टीव्हीला हार पडायला लागले. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची. बारा व्होल्टवर चालणारे छोटे कृष्णधवल संच तेव्हा त्यासाठीच लोकप्रिय होते. परिणामी सोमवारी ट्रॅक्टर चालू होत नसे आणि दहा जण तो ढकलत. रामसेतूला वानर लागले, तशी ट्रॅक्टरला प्रेक्षक मंडळी लागायची.

त्या वेळच्या थापडेबद्दल एक शास्त्रीय गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिची फार टिंगल झाली आहे. टीव्हीला थापड मारल्याने तो चालू होतो, हे खरं होतं. डाक लावलेले सांधे वर्षानुवर्षं गरम-गार होऊन सैल पडायचे. मेकॅनिक त्याला ‘ड्राय’ म्हणायचे. थापडेने सांधा घडीभर जुळायचा. फक्त थापड कुठे आणि किती जोरात मारायची, हे घरातल्या एकाच माणसाला जमायचं, आणि तो माणूस गावाला गेला तर त्या दिवशी चित्रहार होत नसे. मेकॅनिकचं निदान मात्र कायम दोनच असायचं: ‘ट्यूब वीक झालीय’ किंवा ‘आयसी उडाला’. पहिल्यात टीव्ही जायचा, दुसऱ्यात आठवडा.

या संचांची नावं नुसती उच्चारली तरी एक पिढी उसासा सोडते. क्राउन, वेस्टन, टेक्सला, डायनोरा, सलोरा, बुश, ईसीटीव्ही, बीपीएल. शिंगंवाला हिरवा सैतान दाखवून शेजाऱ्यांच्या पोटात दुखेल अशी खात्री देणारा ओनिडा. आणि आपल्या मराठवाड्यातला, औरंगाबादच्या धूतांचा व्हिडिओकॉन. या व्हिडिओकॉनने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. जग सपाट पडद्याकडे निघालं होतं आणि आपण मागच्या फुगीर बाजूची जगातली मोठी दुकानदारी हाती घेतली. 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सगळा दोष ट्यूबचा नव्हता, पण ट्यूब निरपराधही नव्हती.

बंद पडलेल्या टीव्हीचा उपयोग करण्यात मात्र उजनीकाठचं कुठलंही घर कंपनीच्या पुढे आहे. शटरच्या खोक्यातली ट्यूब काढली की त्याचा देव्हारा होतो. शटर आहेच, घंटा टांगायला मागचा हूकही आहे. रामायण दाखवणाऱ्या खोक्यात खुद्द राम बसतो, म्हणजे प्रमोशनच. पाय असलेलं खोकं असेल तर कोंबडी अंडी घालायला पसंत करते. खुडूक कोंबडीला अंधार, आडोसा आणि हवा लागते, आणि मागच्या झाकणाच्या झरोक्यांमुळे या तिन्ही सोयी टीव्हीइतक्या कुठल्याच खोक्यात नसतात. अँटेनाचे ॲल्युमिनियमचे दांडे कपडे वाळत घालायला जातात. पुढे आलेली डिश जनावरांच्या पेंडीवर झाकण म्हणून. स्टॅबिलायझर दाराला अडकण म्हणून, वारा सुटला तरी दार हलत नाही. एखाद्या हौशी पोराने पुढची काच लावून आत मासे सोडलेले असतात. धरणात चिलापी किलोने मिळत असताना टीव्हीत चार सोनेरी मासे ठेवायचे, ही हौस आईला कधीच पटत नाही.

संच चालू असेल तर तो अजूनही चालतो, हेही लोकांना खरं वाटत नाही. दूरदर्शनने 2021-22 पर्यंत आपले बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले, त्यामुळे नुसती अँटेना फिरवून आता मुंग्यांखेरीज काही मिळत नाही. पण 2004 साली डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश म्हणवणारी सेवा महिन्याला पैसे मागत नाही. तिच्या डब्याला पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची तार लागते. ज्या रंगीत टीव्हीला मागे ही तीन भोकं आहेत त्याला डबा सरळ जोडता येतो. कृष्णधवल संचाला मात्र बहुधा एकच अँटेनाची खाच असते. तिथे मध्ये ‘मॉड्युलेटर’ नावाची डबी घालावी लागते. ती घातली की आजच्या बातम्या 1985 सालच्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या दिसतात. अनेकांच्या मते त्या तशाच बऱ्या दिसतात.

आता दुनियेत या डब्यांना भाव कुठे आणि का मिळतो ते बघू. 2011 मध्ये लंडनच्या बॉनहॅम्स या लिलावघराने 1936 सालचा मार्कोनीचा एक चालू टीव्ही विकला. त्याला 16,800 पौंड आले. त्याची हकीकत उजनीकाठच्या माणसाला जवळची वाटेल. मूळ मालकाने तो नोव्हेंबर 1936 मध्ये शंभराला थोडे कमी इतक्या पौंडांना घेतला. तीनच दिवसांत जवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तिथला प्रक्षेपक जळाला आणि त्या भागात पुन्हा टीव्ही दिसायला 1946 साल उजाडलं. दहा वर्षांचं भारनियमन! तरी त्या गृहस्थाने टीव्हीत कोंबडी बसवली नाही, म्हणून पुढे 16,800 पौंड.

दुसरं गिऱ्हाईक तरुण आहे. जुने व्हिडिओ गेम खेळणारे लोक ट्यूबवाले टीव्ही शोधत हिंडतात, कारण ते गेम त्याच पडद्यासाठी बनले होते. 1984 च्या ‘डक हंट’मध्ये बंदुकीने बदकं मारायची असतात. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो चौकोन दिसला का ते बघतो. ट्यूबवर हे त्या क्षणी घडतं. सपाट पडदा किंचित उशीर करतो आणि नेम कितीही धरा, बदक जिवंत. कार्ट्रिजचे स्वस्त टीव्ही-गेम आपल्याकडेही आले तेव्हा भिगवण, केतूर, जिंतीच्या पोरांनी दिवाळीच्या सुटीत घरात बसून असली बदकं मारली. बाहेर पाणथळीत खरे चक्रवाक आणि थापट्या थंडीसाठी उतरलेले होते, त्यांना या सुटीचा फार आधार झाला असणार. 1989 च्या सुमारास निघालेला सोनीचा 43 इंची ट्यूबवाला टीव्ही तर दंतकथाच समजला जाई. 2024 च्या अखेरीस कळलं की जपानमध्ये ओसाकातल्या एका जुन्या नूडल्सच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर तो शाबूत होता, आणि इमारत पाडायच्या आत एका अमेरिकी शौकिनाने तो सोडवून नेला. वजन दोनशे किलोच्या घरात. उचलायला जेवढी माणसं लागली तेवढी इकडे लग्नाच्या फ्रिजलाही लागतात, तेव्हा त्याचं अप्रूप नको.

इथला बाजार यातला कुठलाच नाही. उजनीकाठी जुन्या टीव्हीचा खरा ग्राहक पुणे-सोलापूर हायवेवर बसतो. मासळीची थाळी देणाऱ्या, गावरान थाट मांडणाऱ्या हॉटेलांना दारात बैलगाडीचं चाक, कंदील, पाटा-वरवंटा आणि एक शटरचा टीव्ही लागतो. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याहून मोठमोठ्या लेन्सा घेऊन माणसं येतात. पहाटे होडीतून रोहितांचे फोटो काढतात आणि दहा वाजता, मासे तळून येईपर्यंत, टीव्हीचे. काही जण टीव्हीचेच जास्त काढतात, तो उडून जात नाही. दुसरा ग्राहक सिनेमावाला. 1980 च्या दशकातलं घर दाखवायचं तर शटरचा टीव्ही हवाच, आणि मुंबईच्या चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात असे संच विकले जातात, भाड्यानेही जातात. या दोन्ही ग्राहकांना आत काय आहे याच्याशी कर्तव्य नाही. त्यांना हवं बाहेरचं: लाकूड, शटर, बटणं, नावाची पट्टी. म्हणजे पार्टीवर भरवसा ठेवून ज्यांनी पारा शोधायला टीव्ही फोडले, त्यांनी नसलेल्या वस्तूसाठी असलेली वस्तू मोडली.

भाव ठरतो तो साध्या गोष्टींवर. चालू असलेल्या संचाला जास्त, शटर सरकतं त्याला जास्त, मूळ पाय शाबूत असतील तर आणखी. खरेदीची पावती असेल, किंवा टीव्हीला पोस्टातून परवाना काढावा लागे त्या काळचं पुस्तक असेल, तर जाणकार माणूस संचापेक्षा आधी ते हातात घेतो. प्लास्टिकचे रंगीत टीव्ही, विशेषतः 1995 नंतरचे, सध्या कुणालाच नको आहेत. ते फार झाले आणि दिसायलाही वाईट आहेत. त्यांची हौस कुणाला येईल तेव्हा येईल. आज तरी त्यांची खरी किंमत तांब्याच्या वेटोळ्यापुरती.

त्या वेटोळ्यासाठी ट्यूब बांधावर आपटून फोडायची पद्धत आहे, ती मात्र सोडायला हवी. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलोच्या हिशेबात. बांधावरून ते पाटात आणि पाटातून पाण्यात जायला उशीर लागत नाही. शिवाय निर्वात ट्यूब फुटताना काच आत जाऊन मग उसळते आणि बंद संचातही विजेचा झटका बसेल इतका साठा राहू शकतो. इ-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्यांनुसार बंद संच नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा, आणि त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. उत्पादकच बुडाला असेल तर काय, हा प्रश्न व्हिडिओकॉनवाल्यांनी विचारू नये असं नाही.

तेव्हा विकायचं ठरलं तर खोकं उघडू नका, पॉलिश मारू नका, पावती शोधा, शटरला तेलाचे दोन थेंब द्या आणि हायवेवरच्या चार हॉटेलांत विचारून मग आकडा बोला. आत कोंबडी खुडूक बसली असेल तर मात्र सौदा पुढे ढकला. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला 21 दिवस लागतात.